मागचा नळ

आमच्या चौकातलं हुतात्मा स्मारक पाहायला परगावची माणसं येतात, कमळावरून हात फिरवतात आणि "वा, काय काम केलंय!" म्हणतात. मला त्या कामाची किळस येते. शब्द मी विचार करून वापरते आहे. राग असता तर एव्हाना निवला असता. पण आमटीत पाल निघाली की ती आमटी फेकून दिल्यावरही त्या भांड्याकडे बघवत नाही ना, तसं माझं झालं आहे.

मी मुलींच्या शाळेत शिकवते. नाव रुक्मिणी, पण गल्लीत सगळे मास्तरीणबाईच म्हणतात. चौकाच्या कोपऱ्यावर माझी भाड्याची खोली आहे. सज्जात उभं राहिलं की एकीकडे कचेऱ्यांकडे जाणारा मोठा रस्ता दिसतो, दुसरीकडे विणकरांची आळी, आणि समोर वेणीमाधवराव वकिलांचं दुमजली घर. मी सोलापुरात आले बत्तीस साली. म्हणजे तीस सालचा गोळीबार मी पाहिलेला नाही. ज्यांनी पाहिला त्यांच्याकडून ऐकला आहे, आणि त्यांनीही तो दाराच्या फटीतूनच पाहिला होता.

मे महिना होता. सोलापूरचा मे म्हणजे दुपारी चिटपाखरू बाहेर पडत नाही. त्या दिवशी मात्र माणसं बाहेर पडली, आणि गोळ्या सुटल्यावर वाट फुटेल तिकडे पळाली. श्रीमंत नावाचा गिरणीत काम करणारा पोरगा पोटात गोळी लागून आमच्या चौकात पडला. लगेच गेला नाही. बराच वेळ पडून होता आणि पाणी मागत होता. दारं बंद होती. वकिलांचं दार सगळ्यांत जवळ, त्यांच्या ओसरीतला भरलेला माठ आणि हा तडफडणारा पोरगा यांच्यामध्ये एक ओटा काय तो होता. कुणी कडी काढली नाही. भीती होती हे मला मान्य आहे. भीतीबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. पुढे जे केलं त्याबद्दल लावते.

पाणी आणलं ते रामहरीने. रामहरी महारवाड्यातला, मालधक्क्यावरचा हमाल. कुठल्याशा भिंतीआड लपून बसला होता. तो आपला पत्र्याचा डबा घेऊन वाकत वाकत आला, श्रीमंतचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याला पाणी पाजलं. पोराची आई चंद्रव्वा धावत आली तेव्हा तो गेलेला होता. ओठ मात्र ओले होते. "माजं लेकरू कोरड्या तोंडानं न्हाय गेलं," हे ती अजूनही सांगते, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं ते मला बघवत नाही.

चंद्रव्वा मूळची मैंदर्गीची, लिंगायत, विधवा. गिरणीत सूत गुंडाळायचं काम करते. अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलते. पुढच्या उन्हाळ्यात तिने लेक पडला होता त्याच जागी पाणपोई घातली. तिच्या माहेरी म्हणे मेलेल्या माणसाच्या नावाने अशी उन्हाळाभर अरवट्टिगे घालायची रीत आहे. चार बांबू, वर बोऱ्या, खाली वाळूत रोवलेले रांजण आणि लांब दांड्याचं एक ओगराळं. रांजण भरायचे चंद्रव्वा आणि रामहरी या दोघांनी. आणि ओगराळं एकच. ब्राह्मण येवो, तांगेवाला मुसलमान येवो, विणकर येवो, नाहीतर रामहरीच्या वस्तीतली बाई डोक्यावर भारा घेऊन येवो, सगळ्यांनी त्याच ओगराळ्याने पाणी घ्यायचं. गावात बाकीच्या पाणपोयांवर काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. एकाला भांड्यात, दुसऱ्याला लांबून नळीने ओंजळीत.

साहजिकच बोंब झाली. तिच्या जातीतली वडीलधारी मंडळी समजावायला आली. चंद्रव्वाने त्यांना बसायला घोंगडं टाकलं आणि विचारलं, "माज्या लेकाच्या नरड्यातनं ह्येचंच पाणी उतरलं. तवा तुमी कुटं होता?" मंडळी घोंगड्यावर न बसताच गेली. पुढे उन्हाने काम केलं. गिरणीचा भोंगा झाला की लोक घामाने निथळत चौकातून जायचे. पहिल्या वर्षी पुष्कळांनी तोंड फिरवलं, नंतर हळूहळू प्यायला लागले. मी राहायला आले तेव्हा तिथे रांग लागत असे. त्या बोऱ्याला कुणी स्मारक म्हणत नव्हतं. पण नवा माणूस पाणी पिऊन "कुणाच्या नावानं हो?" विचारायचा, आणि रांगेतलं कुणीतरी त्याला श्रीमंतची सगळी हकीकत सांगायचं, रामहरीच्या डब्यासकट.

मग सदतीस साल आलं. मुंबईत आपलं मंत्रिमंडळ झालं, आणि गोळीबारानंतरच्या मार्शल लॉच्या दिवसांत तांदळाच्या डब्यात जाऊन बसलेल्या पांढऱ्या टोप्या धुऊन, इस्त्री होऊन डोक्यांवर आल्या. वेणीमाधवरावांची टोपी सगळ्यांत कडक. त्यांनी हुतात्मा स्मारक समिती काढली आणि स्वतः अध्यक्ष झाले. समितीत एक बाई हवी म्हणून मला घेतलं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू?

समितीची मंडळी पहिल्यांदा चंद्रव्वाकडे गेली, त्यांच्यात मीही होते. वकीलसाहेब तिच्यासमोर जमिनीवर बसले. धोतर मळेल याची पर्वा केली नाही.

"चंद्रव्वा," ते म्हणाले, "तुमची पाणपोई आता दगडात बांधायची. कायमची. वर श्रीमंताचं नाव. तुमच्यामागे कोण रांजण भरणार? नळाचं पाणी येईल, बाराही महिने."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्यामागे कोण, ही तिची काळजी खरीच होती. अलीकडे तिला हंडा उचलवत नव्हता.

"बांदा की," ती म्हणाली. "माजं काय म्हननं न्हाय. निस्तं येक. आत्ता हाय तसंच पायजे. समद्यांनी येकाच जागंला पाणी प्यायचं. रामहरीनं बी तितंच."

"म्हणजे काय! प्रश्नच नाही," वकीलसाहेब म्हणाले. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. त्याच आठवड्यात बोऱ्या निघाला आणि रांजण तिच्या खोलीत जाऊन पडले.

नकाशा आणला यज्ञेश्वर इंजिनिअरने. हा मुंबईला शिकून आलेला आणि बोलायला लागला की घुमटाशिवाय दुसरं काही न बोलणारा माणूस. उंच जोतं, पायऱ्या, चार खांब, खांबांवर घुमट, आत संगमरवरी पाटी, पाटीखाली कमळ आणि कमळातून नळ. घुमटाच्या टोकावर दगडी चरखा. मंडळी नकाशाभोवती वाकली आणि खूश झाली. मला मात्र तो कागद कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. चरख्याखालचा कागद खरवडून पातळ झाला होता. मी तो उजेडात धरला. चरख्याच्या जागी आधी मुकुट होता.

"पस्तीस सालचा आहे ना हा?" मी विचारलं. "विलायतेच्या राजेसाहेबांच्या रौप्यमहोत्सवाला कारंजं बांधायचं होतं, तेव्हाचा?"

यज्ञेश्वर जराही लाजला नाही. "बांधायचं राहूनच गेलं होतं, बाई. नकाशा उत्तम होता. वाया कशाला घालवायचा?" आणि त्या महोत्सवाच्या समितीतही अध्यक्ष कोण होते, हे सांगायला नकोच. वेणीमाधवराव पान लावत बसले होते.

ज्याच्या राज्यात पोरगा मारला त्याच्यासाठी काढलेलं कारंजं, वरचा मुकुट खरवडून, त्या पोराच्या नावाने उभं करायचं! पण खरी घाण पुढे होती. कागदाच्या कोपऱ्यात इमारतीचा खालचा आराखडा काढला होता. समोरच्या नळासारखीच मागच्या भिंतीलाही एक छोटी खूण होती.

"हे काय?"

"मागचा नळ," यज्ञेश्वर म्हणाला.

"तो कशाला?"

वेणीमाधवरावांनी पान गालात सारलं. "असं आहे रुक्मिणीबाई, स्मारक राष्ट्राचं आहे. सगळ्यांनी यावं, सगळ्यांनी पाणी प्यावं. एकच नळ ठेवला तर निम्मं गाव पायरी चढणार नाही. मग ते स्मारक कसलं? सगळ्यांना आपलं वाटावं म्हणूनच तर दोन."

"चंद्रव्वाला शब्द दिला आहे आपण."

"टाकी एकच आहे," यज्ञेश्वर म्हणाला. "पाणी तेच."

मी भांडले. किती भांडले ते रस्त्याने जाणाऱ्यांनीही ऐकलं असेल. पाणपोईवर सहा वर्षं सगळे एकत्र प्यायले, आकाश कोसळलं का, असं मी म्हणाले. वकीलसाहेब हसले, "बाईमाणूस आहात, मन मऊ आहे," म्हणाले, आणि नकाशा एकमताने मंजूर झाला. माझं मत एकात कसं धरलं, ते त्यांनाच ठाऊक.

तशीच उठून मी चंद्रव्वाकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिने पदर खोचला आणि दुसऱ्या दिवशी कामावर न जाता वकिलांच्या दारात जाऊन उभी राहिली. मीही बरोबर होते. वेणीमाधवराव ओट्यावर आले. ओटा तोच.

"मागचा नळ कुनासाटी हाय, वकीलसाहेब?"

"अगं, तो बागेसाठी. झाडं लावायचीत मागे. तांग्याच्या घोड्यांना पाणी नको? या मास्तरीणबाई शिकलेल्या आहेत, पण नकाशा वाचणं निराळं." आणि मग, मी कधी विसरणार नाही अशा आवाजात, "श्रीमंताची शपथ घेऊन सांगतो."

मेलेल्या पोराची शपथ आईपुढे घेतली. चंद्रव्वाने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला. लेकाची शपथ कुणी खोटी घेऊ शकतो हे तिच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. परतताना मलाच म्हणाली, "तुमी बी उगं जीव टांगनीला लावला, बाई." मी राजीनामा त्याच संध्याकाळी पाठवला. तो त्यांनी स्वीकारला नाही. पाटीवर "महिला प्रतिनिधी" म्हणून माझं नाव कोरायला दगड आधीच गेला होता म्हणे.

कित्येक महिने ठोकाठोकी चालली. भोवती तट्टे लावले होते, आतलं काही दिसत नव्हतं. उद्घाटन ठरलं अडतीस सालच्या मे महिन्यात, श्रीमंत गेला त्याच दिवशी. मांडव, पताका, बँड. मुंबईहून पुढारी आले होते. चंद्रव्वाला नवं लुगडं नेसवून खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर बसायची तिची ती पहिलीच वेळ असावी. कडेला टेकून बसली होती, घसरून पडेल अशी. भाषणं झाली. वेणीमाधवरावांनी श्रीमंतच्या बलिदानाचं असं वर्णन केलं की समोरच्या बायका डोळे पुसायला लागल्या. "माझ्या दारासमोर, माझ्या डोळ्यांदेखत!" ते म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं. रामहरीचं नाव कुणी घेतलं नाही. "एका अज्ञात बंधूने पाणी पाजलं," असा उल्लेख झाला.

तट्टे काढले. टाळ्या झाल्या. पहिलं पाणी आईने घ्यायचं म्हणून चंद्रव्वाच्या हातात चांदीचं फुलपात्र दिलं. ती पायऱ्या चढली, कमळातल्या नळाखाली फुलपात्र भरलं आणि वळून गर्दीत बघायला लागली.

"प्या, आई," पुढारी म्हणाले.

"रामहरी कुटं हाय?" ती म्हणाली. "आदी त्येला देते."

वेणीमाधवराव पुढे झाले. "येईल तो, येईल, तुम्ही घ्या." पण ती पायऱ्या उतरली होती. हातातलं पाणी सांडू नये म्हणून दुसरा तळवा पात्रावर धरून, गर्दीतून वाट काढत ती स्मारकाच्या मागे गेली. मी तिच्या पाठोपाठ गेले.

मागे ना घुमट होता, ना कमळ. सपाट भिंत, तिच्यात एक उघडा लोखंडी नळ, खाली दगडी खाच, आणि खाचेतून सरळ गटार. दोन्ही बाजूंनी छातीइतका उंच कठडा, मागून पुढे कुणी येऊ नये असा. पाटी वगैरे काही लावली नव्हती. लावायची गरजच नव्हती. कुणी कुठे उभं राहायचं ते दगडानेच सांगितलं होतं. कठड्यापलीकडे रामहरी आणि त्याच्या वस्तीतली माणसं उभी होती, आणि स्वयंसेवक म्हणून उभा केलेला एक तरुण त्यांना गोड आवाजात "इकडेच थांबा, इकडेही तेच पाणी आहे" असं सांगत होता. झाडं नव्हती. घोडेही नव्हते.

चंद्रव्वा भिंतीकडे न बघता खाली बघत होती. तिला ती जागा डोळे झाकून सापडते. मोठ्या रस्त्यावरून घुमट दिसावा म्हणून त्यांनी स्मारकाचं तोंड तिकडे केलं होतं, आणि त्यामुळे पोरगा पडला ती जागा पाठीमागे आली होती. मागच्या नळाचं गटार बरोबर तिच्यावरून गेलं होतं.

रामहरीच पहिल्यांदा बोलला. "जाऊ दे, चंद्रव्वा. पुडं जा तू. लोकं बगायल्यात."

"त्येच्या नावाची शपत घेतली हुती रे," ती म्हणाली. तिने कठड्यावरून ते फुलपात्र त्याच्या हातात दिलं. तो प्यायला. पुढे बँड सुरू झाला होता. ते चांदीचं फुलपात्र समितीने परत घरी नेलं नाही, हेही सांगून ठेवते. स्वयंसेवकाने ते चिमटीत उचलून शुद्धीसाठी विस्तवात घालायला नेलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी सज्जाची खिडकी लावून पडले होते. खाली ठक ठक आवाज यायला लागला. विणकरांच्या मागाचा नव्हे. बाहेर येऊन पाहिलं तर चंद्रव्वा. पायऱ्या चढून पाटीसमोर उभी, दोन्ही हातांत घरचा वरवंटा. पाटीवर सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत वेणीमाधवरावांचं नाव होतं, खाली समितीचं, त्याखाली श्रीमंतचं. ती वरच्या नावांना धक्का लावत नव्हती. नेम धरून फक्त लेकाच्या नावावर मारत होती. पांढऱ्या कपच्या कमळात पडत होत्या.

मी धावत खाली गेले. तिला थांबवायला गेले असं लोक म्हणतात, तसं नव्हतं. मी तिला एवढंच विचारलं, "दमलीस का? मी मारू?"

"न्हाय," ती म्हणाली. "ह्ये माजं हाय."

समोरचं दार उघडलं. वेणीमाधवराव स्वतः बाहेर आले. तडफडणाऱ्या पोरासाठी जी कडी निघाली नव्हती ती संगमरवरासाठी निघाली. त्यांनीच पोलीस बोलावले. त्यांनीच फिर्याद दिली: हुतात्म्याच्या स्मारकाची विटंबना. हुतात्म्याच्या आईविरुद्ध!

कोर्टात गर्दी मावत नव्हती. मॅजिस्ट्रेट भला माणूस असावा. त्याने चंद्रव्वाला बसायला सांगितलं, ती उभीच राहिली. रामहरी दारात उभा होता.

"गुन्हा कबूल आहे?"

"फोडलं की. कबूल हाय."

"तुमच्याच मुलाचं नाव होतं ना ते? मग का फोडलंत?"

चंद्रव्वा जरा गोंधळली. इतकी सोपी गोष्ट या शिकलेल्या माणसाला कशी कळत नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"सायेब, पाळण्यात घालून त्ये नाव मी ठिवलंवतं," ती म्हणाली. "ह्येन्ला वापराया दिलंवतं, शबुद घिऊन. ह्येन्नी त्ये गटाराच्या म्होरं लावलं. मी माजं परत घेतलं."

मॅजिस्ट्रेटने शिक्षा सांगितली: कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे संध्याकाळपर्यंत तिथेच बाकावर बसायचं आणि मग घरी जायचं. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात वेणीमाधवराव उठले. हात जोडले. आवाजात तोच ओलावा.

"महाराज, या माउलीबद्दल आमच्या मनात राग नाही. दुःखाने तिचा तोल गेला. समिती स्वखुशीने ते नाव पुन्हा कोरून देईल, आणि या खेपेला अधिक खोल."

मॅजिस्ट्रेटने मान डोलावली. मागच्या बाकांवरून कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

चंद्रव्वा बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली. वकिलांचं शुद्ध बोलणं तिला सगळं समजलं नव्हतं.

"काय म्हनलं त्ये, बाई?"

"नाव पुन्हा कोरणार म्हणाले. खोल."

"कवा?"

"आठवड्याभरात असेल."

तिने लुगड्याचा काठ सारखा केला, भिंतीला पाठ टेकली आणि पाय जरा लांब केले.

"बरं," ती म्हणाली. "मग मी बी येते."

आणि कोर्ट उठायची वाट बघत बसून राहिली.